क्रिकेट तारेतून आणि क्रिकेट अ‍ॅपवर: एका केबलवाल्याचं परीक्षण

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी एलसीओ, म्हणजे गल्लीतला केबलवाला. डिश, कोॲक्सिअल वायर, अ‍ॅम्प्लिफायर, पावसात खांबावर चढणं, यात उमेदवारी गेली. आता त्याच खांबांवरून फायबर नेतो आणि इंटरनेट देतो. त्यामुळे तारेतून क्रिकेट बघणारं घर आणि अ‍ॅपवर बघणारं घर, दोन्ही माझीच गिऱ्हाइकं. सामना अडला की दोघांचाही फोन मलाच येतो. हे परीक्षण कुठल्या एका अ‍ॅपचं नाही. टीव्हीवरून अ‍ॅपवर गेलेलं क्रिकेट बघण्याची जी पद्धत आता रूढ झाली, तिचं आहे. गेल्या काही हंगामांत दोन्हीकडची बाजू मी जितकी जवळून बघितली तितकी फार थोड्यांना बघायला मिळाली असेल, म्हणून लिहितोय.

सगळा फरक एका प्रश्नात आहे. बघणारं एक घर वाढलं तर काय होतं?

केबलमध्ये उपग्रहावरून सिग्नल एकदाच खाली उतरतो आणि तोच सगळ्यांना जातो. नवीन कनेक्शन जोडलं की टॅपवर, म्हणजे घराकडे वायर फुटते त्या डबीवर, सिग्नल किंचित पडतो, तो अ‍ॅम्प्लिफायरने उचलायचा, काम झालं. फायनल आहे म्हणून कंट्रोल रूमवर जादा ताण येत नाही. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीने शेवटचा षटकार मारला तेव्हा झाडून सगळी घरं टीव्हीसमोर होती, आणि माझ्या लाईनला त्याचा पत्ताही नव्हता. अ‍ॅपवर प्रत्येक बघणाऱ्यासाठी सर्व्हरकडून वेगळा प्रवाह निघतो. एक माणूस वाढला की एक प्रवाह वाढला. मांडवातला लाऊडस्पीकर आणि घरोघरी जाऊन लावलेला फोन यांत जेवढा फरक, तेवढा हा आहे. अ‍ॅपचं जे चांगलं आहे ते यातूनच येतं आणि जे वाईट आहे तेही यातूनच.

पैसा अ‍ॅपकडे का वळला हेही यातच आहे. 2017 मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे हक्क विकले गेले, तेव्हा स्टारने टीव्ही, डिजिटल, परदेश असं सगळं एकत्र 16,347.50 कोटींना उचललं. त्या वेळी फक्त भारतातल्या डिजिटलसाठी फेसबुकने 3,900 कोटींची बोली लावली होती, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना तो आकडा खरा वाटेना. जून 2022 मध्ये बीसीसीआयने गठ्ठे वेगळे करून लिलाव केला. भारतातला टीव्ही डिस्ने स्टारकडे 23,575 कोटींना गेला. डिजिटल व्हायकॉम18 कडे 20,500 कोटींना. शिवाय निवडक सामन्यांचा एक वेगळा डिजिटल गठ्ठा होता, तोही व्हायकॉम18 नेच सुमारे 3,257 कोटींना घेतला. या दोन डिजिटल रकमांची बेरीज करून बघा, टीव्हीच्या पुढे जाते. परदेशातले हक्क धरून एकूण 48,390 कोटी. ज्या दिवशी हे आकडे जाहीर झाले त्या दिवशी मी फायबरची ऑर्डर वाढवली.

टीव्हीचे प्रेक्षक निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात, बाकी सगळा अंदाज. जुन्या अ‍ॅनालॉग केबलमध्ये तर एका गल्लीत किती घरं चॅनल बघतात हे चॅनलवाल्याला कधी नक्की कळलंच नाही, कारण घरांचा आकडा कमी सांगायची आमच्या धंद्यात रीतच होती. 2012 पासून शहरं धरून टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. अ‍ॅपला मात्र प्रत्येक प्रवाह वेगळा काढावाच लागतो, म्हणून प्रत्येक बघणारा आपोआप मोजला जातो. कोण, कुठून, किती वेळ, कुठल्या फोनवर. जाहिरातदार त्या मोजणीसाठी पैसे मोजतो. तुम्ही सामना बघता तेव्हा तिकडे तुमची नोंद होत असते, हे अ‍ॅप घेताना माहीत असावं.

आता चित्राकडे येतो. इथे मी केबलची बाजू घेणार नाही. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांकडे अजून एसडी, म्हणजे जुन्या कमी स्पष्ट चित्राचा, बॉक्स आहे आणि त्याला जोडलेला टीव्ही त्रेचाळीस इंची. त्या टीव्हीवर एसडीतलं क्रिकेट म्हणजे क्षेत्ररक्षक ओळखू येत नाही, धावफलकाचे आकडे कडेला फाटतात. त्याच टीव्हीवर चांगल्या फायबरवरून अ‍ॅप लावून दिलं की घरातली माणसं गप्प होऊन बघत राहतात. खेळपट्टीवरच्या भेगा दिसतात, शिवणीची बाजू दिसते. मोठ्या पावसात छपरावरच्या छोट्या डीटीएच डिशचा सिग्नल जातो, फायबरला पावसाचं काही नसतं.

पण हे चित्र स्थिर नसतं. अ‍ॅप एकाच सामन्याच्या कमीजास्त दर्जाच्या अनेक प्रती तयार ठेवतं आणि तुमच्याकडे जेवढी वाट मोकळी असेल तेवढी प्रत पाठवतं. वाट अरुंद झाली की खालच्या प्रतीवर उतरतं. मालिका बघताना हे खटकत नाही, क्रिकेटमध्ये लगेच खटकतं, कारण चेंडू लहान असतो आणि वेगात असतो. दर्जा उतरला की सीमारेषेकडे जाणारा चेंडू आधी धूसर होतो आणि मग दिसेनासाच होतो. दुसरी गोष्ट, टीव्हीचं प्रसारण सेकंदाला पन्नास वेळा चित्र बदलतं. फोनवर कमी दर्जाची प्रत आली की पुष्कळदा ते निम्म्यावर येतं, आणि वेगवान गोलंदाजाचा हात तुटक तुटक दिसतो. गिऱ्हाईक सांगतं, ‘दादा, नेट स्लो आहे.’ नेट कधीकधी ठीकच असतं, आलेली प्रतच तशी असते.

आणि उशीर. या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते इथेच अ‍ॅप कमी पडतं आणि याबद्दल त्यांच्याकडून कोणी काही सांगत नाही.

माझ्या ऑफिसात दोन टीव्ही शेजारी शेजारी आहेत, एकावर केबल, दुसऱ्यावर अ‍ॅप. केबलवर पंचाचं बोट वर गेलेलं असतं आणि अ‍ॅपवर तोच गोलंदाज अजून रनअपच्या टोकाशी चेंडू पँटला घासत उभा असतो. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंच आहे, तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. बाकी यंत्रणेतले थोडे सेकंद धरले तरी केबल खूप पुढे. अ‍ॅपमध्ये सामन्याचे काही काही सेकंदांचे तुकडे कापतात, ते सर्व्हरवर चढवतात, आणि तुमचा प्लेअर सुरक्षित म्हणून दोन-तीन तुकडे गाठीशी ठेवून मगच दाखवायला लागतो. एक तुकडा सहा सेकंदांचा धरला तर तिथेच बारा ते अठरा सेकंद गेले. वीस-तीस सेकंद मागे असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. हा उशीर कमी करायचं तंत्र आहे, पण गाठीशी तुकडे कमी ठेवले की अडकण्याचा धोका वाढतो, आणि लाखो प्रवाह सांभाळणारा माणूस तो धोका सहसा पत्करत नाही. पुन्हा तेच, एक माणूस वाढला की एक प्रवाह वाढला.

शिवाय दोन फोनांवर एकच अ‍ॅप लावलं तरी दोघांचा उशीर सारखा नसतो. एकाच घरात आतल्या खोलीतला मुलगा ओरडतो आणि बाहेरच्या खोलीत वडिलांना कळतं की विकेट गेली. क्रिकेटची गंमत ज्या क्षणात असते तो क्षण सगळ्यांना एकाच वेळी मिळणं, हे मी पूर्वी विकत होतो. तेव्हा त्याची वेगळी किंमत लावायची कोणाला गरज वाटली नव्हती. माझी अ‍ॅपवाल्यांकडे एक साधी मागणी आहे. पडद्याच्या कोपऱ्यात दाखवा की तुम्ही थेट खेळापेक्षा इतके सेकंद मागे आहात. यूट्यूबवर तांत्रिक माहितीची खिडकी उघडली की थेट प्रसारणाचा उशीर सेकंदांत दिसतो, म्हणजे हे मोजता येतं. ‘लाइव्ह’ अशी लाल पाटी लावता, तर शेजारी हा आकडा लावायला हरकत नसावी.

इतकं बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या लोकांनी जे उभं केलंय ते बघून माझ्यासारख्या लाईनवर काम केलेल्या माणसाला खरोखर आदर वाटतो. जुलै 2019 मध्ये मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना झाला तेव्हा हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक होते. 2023 च्या आयपीएल फायनलला, पावसाने राखीव दिवशी गेलेल्या आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर संपवलेल्या त्या सामन्याला, जिओसिनेमावर 3.2 कोटी. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला अहमदाबादच्या विश्वचषक फायनलला डिस्ने प्लस हॉटस्टारवर 5.9 कोटी. कोट्यवधी वेगळे प्रवाह, एकाच क्षणी. धोनी फलंदाजीला उतरला की काही सेकंदांत लाखो माणसं आत येतात आणि बाद झाला की तितकीच बाहेर पडतात, आणि बाहेर पडलेली सगळी माणसं अ‍ॅपच्या पहिल्या पानावर आदळतात, त्याचाही बंदोबस्त आधी करून ठेवावा लागतो. हे किती अवघड आहे ते नोव्हेंबर 2024 मध्ये दिसलं. टायसन आणि जेक पॉलची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने दाखवली, साडेसहा कोटी प्रवाह झाले आणि जगभर लोकांची चित्रं अडकली. इतकी मोठी कंपनी, पण थेट खेळाची गर्दी ही वेगळीच गोष्ट.

वेगळ्या प्रवाहाने दिलेली सगळ्यात मोठी देणगी माझ्या मते भाषेची आहे. टीव्हीवर एक भाषा वाढवायची तर बहुधा एक चॅनल वाढवावं लागतं, उपग्रहावर जागा घ्यावी लागते, आमच्यासारख्यांच्या बुकेत, म्हणजे चॅनलांच्या गठ्ठ्यात, बसवावं लागतं. अ‍ॅपवर चित्राच्या मानाने आवाजाचं वजन नगण्य असतं. 2023 च्या आयपीएलला जिओसिनेमाने बारा भाषा दिल्या, त्यांत मराठी होती, आणि ती रोज होती. केदार जाधव तेव्हा मराठी समालोचन करत होता. हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने डेव्हिड विलीच्या जागी त्याला खेळायला बोलावलं, म्हणजे काल ज्याचं समालोचन ऐकलं तो आज संघात. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकत वाढलेली माणसं माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. त्यांच्यापैकी एका काकांना मी अ‍ॅपवर मराठी लावून दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला, मला वाटलं तक्रार असणार. म्हणाले, ‘अरे, उद्याही हेच लागेल ना? हात लावू नकोस आता त्याला.’ मराठी समालोचनाचा दर्जा रोज सारखा नव्हता, काही जोड्या नुसत्या गप्पा मारत बसायच्या आणि धावसंख्या सांगायची राहून जायची. तरीही आपल्या भाषेत रोज सामना ऐकायची सोय झाली, आणि ती केबलने केली नव्हती.

रणजीचंही तसंच. टीव्हीला दिवसाचे तास मोजके असतात, चार दिवसांचा सामना दाखवायला जागा कुठली? अ‍ॅपला जागेची टंचाई नाही. जानेवारी 2025 मध्ये कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध उतरणार म्हटल्यावर आधी वेळापत्रकात नसलेला तो सामना जिओसिनेमावर घेतला गेला. त्याच हंगामात विदर्भाने नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर रणजी जिंकली. तो पाच दिवसांचा अंतिम सामना मी ऑफिसात पाचही दिवस चालू ठेवला होता, आणि येणारे-जाणारे उभे राहून बघत होते. अशा क्रिकेटसाठी मी अ‍ॅपला पूर्ण मार्क देतो.

आता गिऱ्हाइकांचे फोन. सामन्याच्या संध्याकाळी येणाऱ्या तक्रारींत लाईनचा दोष क्वचित निघतो. एका फायबरवर मी बत्तीस किंवा चौसष्ट घरं देतो, त्या फायबरची घरांकडे येणारी क्षमता सेकंदाला अडीच गिगाबिट, म्हणजे अडीच हजार मेगाबिट, आणि एका चांगल्या एचडी प्रवाहाला आठ मेगाबिटच्या आसपास पुरतात. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी सामना लावला तरी भागतं. अडतं ते घरात. राउटर दिवाणखान्यात कपाटामागे, टीव्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती, आणि सगळं वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, ज्यावर शेजाऱ्यांचेही राउटर गर्दी करून आहेत. टीव्हीला थेट लॅन केबल लावा. ते जमत नसेल तर राउटर उघड्यावर, उंच ठेवा आणि टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर जोडा. सामन्याआधी अर्धा तास अ‍ॅप उघडून लॉगिन, अपडेट सगळं उरकून घ्या, नाणेफेकीला नको. एवढं केलं तर निम्म्याहून जास्त तक्रारी संपतात.

जी तक्रार संपत नाही ती म्हाताऱ्या माणसांची. केबलला त्यांना एक नंबर पाठ असायचा. रिमोटवर तो दाबला की क्रिकेट. अ‍ॅपमध्ये लॉगिन येतं, ओटीपी येतो, आणि तो मुलाच्या फोनवर जातो, मुलगा दुसऱ्या शहरात. मग प्रोफाइल निवडा, मग जाहिरातीची पाटी बंद करा. एका आजींनी मला सरळ सांगितलं, ‘माझं जुनं सुरू कर, मला ते कळतं.’ त्यांना क्रिकेट माझ्यापेक्षा जास्त कळतं. केबल बिघडली की दारात माणूस जायचा. अ‍ॅप बिघडलं तर कुठे जायचं? मदत म्हणून चॅट उघडते, तीही टंकून इंग्रजीत विचारावी लागते. ज्यांनी हजारो कोटी हक्कांवर घातले त्यांनी सामन्याच्या वेळेत मराठीत बोलणारा माणूस फोनवर ठेवावा, एवढी अपेक्षा मी धरतो.

आणि पैशाचं. 2023 ची आयपीएल फुकट होती. त्याच वर्षीचा विश्वचषक मोबाइलवर फुकट होता. तेव्हा कितीतरी घरांनी माझं स्पोर्ट्स पॅक काढून टाकलं, आणि मी त्यांना दोष दिला नाही. 2019 च्या दररचनेत नुसत्या जोडणीचेच 130 रुपये आणि वर जीएसटी, चॅनलचे वेगळे, तर फुकट कोण सोडेल? नोव्हेंबर 2024 मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायकॉम18 हे दोन्ही स्पर्धक एकत्र आले, 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार सुरू झालं, आणि त्या वर्षीची आयपीएल पूर्ण बघायची तर वर्गणी किंवा ठरावीक मोबाइल रिचार्ज लागला. सुरुवातीला मोबाइलपुरती तीन महिन्यांची वर्गणी 149 रुपये होती, ती महाग म्हणता येणार नाही. पण 2022 मध्ये ज्यांनी टीव्ही आणि डिजिटल एकमेकांविरुद्ध बोली लावून घेतलं होतं, ते दोन्ही आता एकाच छपराखाली आहे, आणि पुढचा भाव ठरवताना त्यांना कोणाची भीती असेल असं मला दिसत नाही. त्यात बाकीचे खेळ वेगळीकडे. युरोपातला चॅम्पियन्स लीग फुटबॉल सोनीकडे, 2024 पासून फॉर्म्युला वन फॅनकोडवर. पूर्वी स्पोर्ट्सचं एक पॅक म्हणजे सगळं यायचं, आता प्रत्येक आवडीला वेगळं लॉगिन.

म्हणून कोणी विचारलं की काय घेऊ, तर मी घर बघून सांगतो. मोठा टीव्ही आहे, फायबर आहे, घरात जाणती मुलं आहेत, रणजी आणि महिला क्रिकेट मनापासून बघता, तर अ‍ॅप घ्या, टीव्हीला वायरने जोडा, मराठी लावा. सोसायटीत पडदा लावून पन्नास जणांनी फायनल बघायची असेल तर केबल किंवा डीटीएच घ्या, नाहीतर शेजारच्या इमारतीचे फटाके आधी वाजतील. आणि ज्यांना फक्त भारताचे महत्त्वाचे सामने हवेत आणि दरमहा काही भरायचं नाही, त्यांना मी माझं गिऱ्हाईक न करता डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनवर्गणीची डिश, लावायला सांगतो. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावा लागतो. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या आणि डीटीएच प्रसारणापुरताच, खाजगी केबलवर नाही, त्यामुळे मी तो देऊ शकत नाही. एकदा डिश-बॉक्सचे पैसे द्यायचे, पुढे वर्गणी नाही, ओटीपी नाही. आयपीएल त्यात येत नाही, ते आधीच सांगून ठेवतो. त्या आजींकडे मी तीच डिश बसवली आणि डीडी स्पोर्ट्सचा नंबर त्यांच्या रिमोटमागे चिकटवून आलो.